फोटो सातूचा, नाव हॉप्सचं आणि फगलची बदनामी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत क्राफ्ट बिअरवर पानभर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलोय. आधीच सांगतो, मी माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ आहे, बिअरचा थेंब कधी तोंडात गेलेला नाही आणि जाणारही नाही. त्यामुळे "या काकांना बिअरचं काय पडलंय" असं तुमच्या ऑफिसात कुणी म्हणेल, म्हणू देत. माझा विषय बिअर नाहीच, माझा विषय पीक आहे. मी पिंपळगावचा द्राक्षवाला, आणि लेखात हॉप्स नावाच्या पिकाबद्दल जे छापलंय ते एका शेतकऱ्याला बघवत नाही.

तीन गोष्टी. एक, लेखात म्हणलंय की हॉप्समुळे बिअरला नशा येते. साफ चूक. नशा येते ती अल्कोहोलने, आणि अल्कोहोल होतं मोड आणून वाळवलेल्या सातूच्या साखरेवर यीस्ट काम करतं म्हणून. हॉप्स नशेसाठी टाकतच नाहीत, ते टाकतात कडवटपणासाठी, वासासाठी आणि माल टिकावा म्हणून. (हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत हे खरं, त्यावरून कुणाचा तरी गोंधळ झाला असावा.) दोन, "हॉप्स" असं ठळक लिहून वर जो फोटो छापलाय तो चक्क सातूच्या (बार्लीच्या) ओंब्यांचा आहे. म्हणजे द्राक्ष लिहायचं आणि फोटो ज्वारीच्या कणसाचा टाकायचा. आणि तीन, हीच खरी लागली, लेखात एक वाक्य आहे की इंग्लंडचे हॉप्स आता जुनाट झाले, त्यांना मातीसारखा वास मारतो, खरा सुगंध अमेरिकन हॉप्सचा. हे ज्याने लिहिलं त्याला फगल, म्हणजे इंग्लंडचा जुना हॉपचा वाण, कोण हे माहीतच नसणार.

आता मला कसं माहीत ते सांगतो. आमची लेक आणि जावई इंग्लंडात केंट परगण्यात फेव्हरशॅम गावाजवळ राहतात. गेल्या वर्षी मंडळींना घेऊन महिनाभर गेलो होतो, नेमका सप्टेंबर, हॉप्सच्या काढणीचा महिना. चार दिवसात लंडनचं सगळं बघून झालं, मग मला काही सुचेना, बागेत गेल्याशिवाय करमत नाही आपल्याला. जावईबापूंनी ओळखीतून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बागेत नेलं. केंटमधे तिला हॉप गार्डनच म्हणतात. लांबून बघितली तर मला वाटलं उंच मांडवाची द्राक्षबागच. खांब, वर तारा, ताण दिलेले टोकाचे डांब, सगळं ओळखीचं. फक्त उंची आपल्या मांडवाच्या तिप्पट, पंधरा-सोळा फूट तर सहज. आणि वेल वर जातो तो दोरीवरून. दोरी हातात घेतली तर काथ्या! नारळाच्या सोडणाची दोरी हो, आपल्याकडची. म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणे कायम भारत-श्रीलंकेकडूनच येते, दरवर्षी नवीन बांधायची आणि काढणीला वेलासकट कापून टाकायची. पूर्वी म्हणे माणसं पायाला उंच काठ्या बांधून, त्यावर चालत चालत वरच्या हुकात दोरी अडकवायची. आता ट्रॅक्टरवर चढून करतात.

वेल बघून मात्र मी चाट पडलो. आपल्या द्राक्षाला तणावे असतात, ते पकडून वेल चढतो. हॉपला तणावा नाहीच. खोडालाच खरखरीत काटेरी लव असते आणि अख्खं खोड दोरीला घड्याळाच्या काट्यासारखं पीळ घेत वर जातं, उलटा पीळ दिला तर आपोआप सुटून येतं. थंडीत वरचं सगळं मरतं, जमिनीत फक्त गड्डा राहतो आणि वसंतात परत शून्यापासून सोळा फूट. म्हणजे आपल्या द्राक्षासारखा ओलांडा (वेलाची कायमची आडवी फांदी) सांभाळा, काडी पक्व करा ही भानगड नाही. आणि पपईसारखं नर झाड वेगळं, मादी वेगळी. फूल कामाचं ते मादीचं, त्या फुलोऱ्याला कोन म्हणतात. बोटाच्या पेराएवढं, फिकट हिरवं, कागदासारख्या पाकळ्या एकावर एक. (हाच फोटो तुम्ही छापायला हवा होता.)

म्हाताऱ्याने एक कोन तोडून दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फाडला आणि माझ्या नाकाशी धरला. पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी धमक पूड असते, हळदीसारखी पण चिकट, तिला लुपुलिन म्हणतात. सगळी किंमत त्या पुडीची, बाकी नुसता चोथा. वास कसा सांगू... पहिल्या पावसानंतर बांधावर गवत कापताना येतो तसा हिरवा वास, मागून थोडा पुदिना, थोडी ओली माती, आणि शेवटी लाकडाच्या वखारीत शिरल्यासारखं. जिभेवर टेकवली तर कारल्याच्या बापाचं कडू, अर्धा तास तोंड वाकडं. हा फगल, म्हाताऱ्याकडे दोनच ओळी उरलेल्या. पलीकडे ईस्ट केंट गोल्डिंग हा दुसरा वाण होता, त्याचा वास जास्त नाजूक, फुलासारखा, मधासारखा, थोडं लिंबू. मातीपण वेगवेगळी लागते बरं का, गोल्डिंगला पूर्व केंटची खोल भुसभुशीत पोयटा जमीन आणि फगल चिकण जमिनीत खूश, जिथे गोल्डिंग रडतं तिथे हा पठ्ठ्या येतो. म्हणून तर पसरला.

तर फगलची गोष्ट. १८६१ साली केंटमधल्या हॉर्समंडन गावात एका घराच्या बागेत हॉपचं रोप आपोआप उगवलं. काढणीला आलेल्या कुणीतरी जेवणाच्या टोपलीतले चुरे झटकले, त्यात हॉपचं बी होतं, त्यातून ते उगवलं म्हणे. आणि १८७५ च्या सुमारास शेजारच्या ब्रेंचली गावच्या रिचर्ड फगल या शेतकऱ्याने तो वाण बाजारात आणला, म्हणून नाव फगल. ही गोष्ट १९०१ मधे जॉन पर्सिव्हल या शेतकी शास्त्रज्ञाने लिहून ठेवली. अलीकडे इतिहास खणणाऱ्या मंडळींनी या सनांवर आणि माणसांवर बऱ्याच शंका काढल्यात. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. हे अगदी आपल्या तासगावच्या आणि नान्नजच्या गोष्टीसारखं आहे. वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश हे द्राक्ष काढलं, नानासाहेब काळे यांनी सोनाका हे द्राक्ष काढलं, कुणी प्रयोगशाळेत बसून नाही, बागेतून फिरताना हजार वेलांत एक काडी वेगळी दिसली आणि ती डोळ्यांनी हेरली. शेतकऱ्याचा डोळा हो. गोल्डिंगचंही तेच, अठराव्या शतकाच्या अखेरीला कँटरबरीच्या जुन्या वाणातून गोल्डिंग नावाच्या माणसाने चांगला वेल निवडून वाढवला.

फगल किती वाढला? १९४९ मधे इंग्लंडच्या एकूण हॉप्सपैकी ७८ टक्के एकटा फगल होता. चारात तीन. ज्यांनी कुणी त्या काळात इंग्लंडात बिटर नावाची बिअर प्यायली त्यांच्या ग्लासात बहुतेक हाच. काढणीला लंडनच्या ईस्ट एंडमधून बायका-पोरं-म्हाताऱ्या असं अख्खं घरदार यायचं, त्यांच्यासाठी खास रेल्वेगाड्या सोडायच्या, शेतावरच्या झोपड्यांत तीन-चार आठवडे मुक्काम, गोणपाटाच्या मोठ्या झोळीत कोन तोडून टाकायचे आणि मापावर मजुरी. आमच्याकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात ना, तेच चित्र. फरक एवढाच की त्या बायका याला वर्षाची सुट्टी म्हणायच्या, कारण लंडनच्या धुरातून पोरांना तेवढीच मोकळी हवा. आमच्या टोळीतल्या बायकांना विचारलं तर त्या सुट्टी म्हणतील असं काही मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तोडणीची मशीनं आली आणि ते सगळं संपलं. मी बघितलं तेव्हा अख्खा वेल दोरीसकट कापून ट्रॉलीत भरून शेडमधे आणत होते, तिथे उलटा टांगला की मशीन कोन ओरबाडून घेतं, दोन-चार माणसांत काम.

मग भट्टी. केंटमधे टोकदार छपराची गोल घरं दिसतात, वर पांढरं लाकडी टोपडं, वारा फिरेल तसं फिरणारं. टुरिस्ट लोक फोटो काढतात, बऱ्याच घरांमधे आता श्रीमंत लोक राहतात, पण मुळात ती हॉप वाळवायची भट्टी, ओस्ट हाऊस. ओल्या कोनात पाण्याचा अंश ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो, तो दहावर आणायचा, तोही बेताच्या उष्णतेवर, नाहीतर तेल उडून वास जातो. पूर्वी खाली गंधक जाळायचे रंग चांगला राहावा म्हणून. हे ऐकल्यावर मी म्हाताऱ्याला आपल्या बेदाण्याच्या गंधकाच्या धुरीचं सांगितलं, जावईबापूंनी भाषांतर केलं, आणि मग आमची दोस्तीच झाली. भुरी आणि डाउनी हे बुरशीचे दोन्ही रोग हॉपलाही आहेत, आणि दोघंही फवारणीवर पाऊण तास बोललो, बायका कंटाळून गाडीत जाऊन बसल्या.

पण फगलला मारलं ते भुरीने नाही, मर रोगाने. व्हर्टिसिलियम नावाची बुरशी, जमिनीतून मुळात शिरते, पाणी वर जायच्या नळ्या बंद करते, पान पिवळं होऊन वेल उभ्या उभ्या वाळतो. इंग्लंडात ती पहिल्यांदा १९२४ मधे केंटमधल्या पेन्सहर्स्टला सापडली. औषध नाही. झाडं उपटायची, जाळायची, आणि त्या मातीत परत फगल लावायचा नाही. फगलला या रोगाशी लढायची ताकदच नव्हती, आणि तीनचतुर्थांश क्षेत्र एकाच वाणाखाली, म्हणजे काय होणार ते द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. केंटमधून फगल हटत गेला, पश्चिमेकडे हरफर्डशर-वुस्टरशरकडे रोग कमी होता म्हणून तिकडे टिकला.

दुसरा मार पैशाचा. आणि इथेच लेखवाल्याने नीट समजून घ्यायला हवं होतं. हॉपमधे कडवटपणा देणारी आम्लं असतात, अल्फा म्हणतात त्यांना. ती उकळल्याशिवाय विरघळत नाहीत. म्हणून उकळीच्या सुरुवातीला टाकलेला हॉप कडू करतो पण त्याचा वास वाफेबरोबर जातो, आणि शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकलेला, किंवा नंतर पिंपातच टाकलेला, वास देतो. चहाला वेलदोडा उतरवताना टाकतो तसं, किंवा आमटीवर वरून कोथिंबीर. फगलमधे अल्फा तीन ते साडेपाच टक्के, गोल्डिंगमधे थोडा जास्त. मोठ्या कंपन्या कडवटपणा किलोवर विकत घेणार, त्यांना दहा-बारा टक्केवाला वाण मिळाला तर पाचवाला कशाला घेतील? केंटमधल्या वाय या शेतकी कॉलेजात प्रोफेसर सॅल्मन यांनी कॅनडाच्या मॅनिटोबातून १९१६ मधे जंगली हॉप मागवला आणि त्याच्यापासून जास्त अल्फाचे वाण काढायला सुरुवात केली, पुढे १९७२ मधे तिथूनच टार्गेट नावाचा वाण आला, मर रोगाला दाद न देणारा आणि अल्फा फगलच्या दुप्पट. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ, तिकडे बहात्तरचं टार्गेट. फगलसाठी दुष्काळच म्हणा. इंग्लंडात १८७८ मधे सुमारे ७२ हजार एकर हॉप्स होते, आज अडीच हजार एकराच्याही आत आलेत.

आणि आता लेखातल्या त्या वाक्याकडे येतो. अमेरिकेतल्या ज्या वाणावर क्राफ्ट बिअर उभी राहिली, ज्याच्या वासाचं तुमच्या लेखात चार ओळी कौतुक आहे, तो कास्केड. तोही १९७२ मध्येच ऑरेगॉनमधून बाहेर आला. त्याची आजी कोण? फगल! १९५६ मधे तिकडच्या संशोधकांनी जे बी गोळा केलं त्याची आई फगलच्या पोटची, आणि त्या आईच्या बापाकडूनही फगलचंच रक्त. दुसरा विलामेट, १९७६ चा, तो तर फगलची सख्खी लेक, तीनपट गुणसूत्रांची म्हणून जवळजवळ बिनबियांची, बिनबियांचं कलिंगड करतात तीच युक्ती. इतकंच काय, स्लोव्हेनियात ज्याला स्टायरियन गोल्डिंग म्हणतात तो गोल्डिंग नाहीच, तोही फगल, रोपं नेताना नावाची गफलत झाली आणि तीच चिकटली. म्हणजे ज्याला जुनाट म्हणून हिणवलं त्याच्याच नाती-पणती पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या बिअरच्या नळांमधून वाहतायत, आणि लेखक म्हणतात सुगंध अमेरिकन. आजीला म्हातारी म्हणा हो, पण घरातून हाकलू नका.

नावावरून आठवलं. इंग्लंडात १८६६ मधे कायदा होता, हॉपच्या गोणीवर पिकवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल छापलंच पाहिजे, कारण भेसळ आणि खोटी नावं तेव्हाही होती. ईस्ट केंट गोल्डिंगला २०१३ मधे युरोपात भौगोलिक संरक्षणही मिळालं. आपल्याकडे कर्नाटकाचा आंबा देवगडच्या पेटीत भरून हापूस म्हणून खपतो, त्यावर एक पानभर लेख तुमच्याकडून यावा ही विनंती, पण तो वेगळा विषय.

लेखात इंडिया पेल एल या फिक्या रंगाच्या बिअरचाही उल्लेख आहे, की गोऱ्या सोल्जरांसाठी बनवली. त्यातही जरा घोळ आहे. साध्या सोल्जरांना बहुतेक पोर्टर नावाची काळी बिअर मिळायची, पेल एल मुंबई-कलकत्त्याच्या साहेबलोकांची. लंडनच्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याने ती जहाजातून भरपूर पाठवली, नंतर बर्टन गावचे बिअरवाले आले, आणि लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून त्यात हॉप्स जास्त. आमच्या देवळालीतल्या कँपात बोटीची वाट बघत सोल्जर वेडे व्हायचे म्हणून इंग्रजीत डूलाली टॅप असा शब्दच पडला, टॅप म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ ला मायक्रोब्रुअरीचं (जागेवरच बिअर बनवणारं) दुकान निघालं, देशातल्या सुरुवातीच्यांपैकी एक, त्याने डूलाली हेच नाव घेतलं. हे लेखात असतं तर नाशिककर खूश झाले असते.

परत आल्यापासून गावातले चार जण विचारतायत, "काका, आपल्याकडे लावायचा का हॉप?" त्यांना इथेच उत्तर देतो, नको. फेव्हरशॅमला जूनमधे साडेसोळा तासांचा दिवस असतो, आपल्याकडे तेराच्या थोडा वर. हॉपला लांब दिवस लागतो, नाहीतर वेल वाढायच्या आधीच फुलावर येतो आणि गुडघाभर वेलाला चार कोन धरतात. भारतात हिमाचलच्या लाहौलमधे होतो, थंडी आहे म्हणून. तेव्हा यूट्यूब बघून रोपं मागवू नका, दोन-चार हजार पाण्यात जातील.

जाता जाता माझंच एक सांगतो. वडिलांनी बागेच्या कोपऱ्यात भोकरी या जुन्या द्राक्षाचे सहा वेल ठेवले होते. बिनबियांचं थॉमसन द्राक्ष आल्यावर भोकरीला कोण विचारणार, मणी गोल, बी असलेला, एक्स्पोर्टच्या कंटेनरमधे जागा नाही. ती मी स्वतः उपटली, वडील घरात असताना, आणि ते काही बोलले नाहीत. आज नर्सरीवाल्यांकडे चौकशी केली तर भोकरी म्हणलं की ते लसूणघास विचारल्यासारखं बघतात. केंटमधल्या म्हाताऱ्याला विचारलं, दोन ओळींत पैसे निघतात का रे? म्हणाला, नाही निघत, पण एक छोटी ब्रुअरी दरवर्षी घेते आणि शिवाय वडिलांनी लावलेल्या आहेत.

सोबत डायरीत दाबून राहिलेला फगलचा एक कोन पाठवतोय, पुरवणीच्या फोटोग्राफरला द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. रंग तपकिरी झालाय आणि वास घेतलात तर दचकू नका, हॉप जुना झाला की जुनाट चीजसारखा वास मारतो, त्यात फगलचा काही दोष नाही, मी तो वर्षभर कपाटात ठेवला.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक